कंपनीला टाळं लागायची वेळ आली की सरकार काय करू शकतं, काय नाही? तळेगावच्या जनरल मोटर्सवरून समजून घ्या

मावळ, खेड, शिरूर किंवा जुन्नरमधलं कुठलंही गाव घ्या. दर दोन-चार घरांमागे एक जण तळेगाव, चाकण, रांजणगाव नाहीतर भोसरीच्या कंपनीत कामाला असतो. ज्याच्या घरचं कोणी कंपनीत नाही, त्याच्या खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या असतात, किंवा त्याचा टेम्पो कंपनीला लावलेला असतो, किंवा बायको बचत गटातून डबे पुरवते. त्यामुळे 'अमुक कंपनी बंद होणार' असा मेसेज ग्रुपवर पडला की सगळ्या गावाच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, 'मंत्र्यांनी बोलावली तातडीची बैठक'. मग लोकांना वाटतं, चला, आता सरकार बघून घेईल.

सरकार खरंच काय बघतं? त्याच्या हातात कायद्याने किती ताकद आहे आणि कुठे त्याचे हात बांधलेले आहेत? याचं उत्तर आपल्याच भागात, तळेगाव एमआयडीसीत, गेल्या काही वर्षांत घडलेल्या एका प्रकरणात जवळपास पूर्ण सापडतं. ते प्रकरण जनरल मोटर्सचं.

आधी काय घडलं ते

अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. नवलाख उंबऱ्याच्या बाजूला एमआयडीसीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या या कारखान्यात शेवरलेची 'बीट' गाडी तयार व्हायची. मावळातल्या अनेक पोरांना आयटीआय झाल्यावर इथे पहिली नोकरी मिळाली आणि पुढे ती परमनंट झाली.

मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की भारतात गाड्या विकणं वर्षअखेर बंद करणार. गुजरातमधला हालोलचा कारखाना चीनच्या साइक कंपनीने घेतला, आज तिथे एमजीच्या गाड्या बनतात. तळेगाव मात्र चालू राहिलं, कारण इथून गाड्या मेक्सिकोसारख्या देशांत जात होत्या. म्हणजे दारात शोरूम नाही, गावात कोणाकडे नवीन शेवरले नाही, तरी आत तिन्ही पाळ्यांच्या घड्याळावर संसार चालू.

जानेवारी २०२० मध्ये ठरलं की तळेगावचा कारखाना चीनची ग्रेट वॉल मोटर्स घेणार. कामगारांच्या दृष्टीने ही वाईट बातमी नव्हती. मालक बदलेल, पण लाइन चालू राहील.

पुढे कॅलेंडरने घात केला. १५ जून २०२० रोजी 'मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०' मध्ये राज्य सरकारने तीन चिनी कंपन्यांशी सुमारे ५,०२० कोटींचे सामंजस्य करार केले. त्यात ग्रेट वॉलचा तळेगावचा ३,७७० कोटींचा करार सर्वांत मोठा होता. आणि त्याच रात्री लडाखमध्ये गलवान खोऱ्यात आपल्या जवानांची चिनी सैन्याशी चकमक झाली, वीस जवान शहीद झाले. आठवडाभरात राज्याने हे करार 'जैसे थे' ठेवले. तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगितलं की केंद्राच्या धोरणाची वाट बघू. त्याआधी एप्रिल २०२० मध्येच केंद्राने नियम केला होता की शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला केंद्राची आगाऊ मंजुरी लागेल. ती मंजुरी कधी आलीच नाही. ३० जून २०२२ ला ग्रेट वॉल आणि जनरल मोटर्सचा व्यवहार अधिकृतपणे मोडला.

पण कारखाना त्याची वाट बघत थांबला नव्हता. २४ डिसेंबर २०२० ला तळेगावच्या लाइनवरून शेवटची गाडी बाहेर पडली. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस गेली. युनियनने विरोध केला आणि प्रकरण कोर्टकचेरीत गेलं.

मग आली ह्युंदाई. मार्च २०२३ मध्ये प्राथमिक करार झाला, १६ ऑगस्ट २०२३ ला खरेदीचा करार झाला, जानेवारी २०२४ मध्ये ताबा पूर्ण झाला. जून २०२५ पासून तिथे इंजिनं बनायला लागली आणि त्याच वर्षाच्या शेवटी नवीन 'व्हेन्यू' गाडी तळेगावातून बाहेर पडली. कारखाना वाचला, उलट मोठा झाला. जुने कामगार मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे ह्युंदाईच्या करारानंतर, उपोषणाला बसले होते. सुमारे एक हजार कामगार. मागणी एकच होती, नवीन कंपनीत आम्हाला घ्या.

म्हणजे कारखाना राहिला, पण कामगार राहतील याची खात्री राहिली नाही. असं कसं होतं, हे समजलं की सरकारच्या बैठकांचा अर्थ आपोआप कळतो.

पहिली चावी: बंद करायची परवानगी

मोठी कंपनी मालकाच्या मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली एक प्रकरण घातलं गेलं, ज्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात, ले-ऑफ किंवा बंद यासाठी राज्य सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते. सुरुवातीला ही संख्या ३०० होती. नंतर ती १०० वर आणली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आणि ती पुन्हा ३०० झाली. चाळीस वर्षांनी गाडी फिरून त्याच स्टॉपवर आली म्हणा ना.

जनरल मोटर्सला दोन्ही हिशेबाने परवानगी लागणारच होती. पण चाकण-महाळुंगे-निघोजे पट्ट्यात मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी युनिट्स आहेत, ज्यांत साठ, शंभर, दीडशे माणसं असतात. त्यांना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही. ५० किंवा जास्त कामगार असतील तर ६० दिवस आधी सरकारला कळवायचं, देणी द्यायची, संपलं. टीव्हीवर चर्चा मोठ्या कंपनीची होते, पण ती बंद पडली की मागे गुपचूप बंद पडतात ती ही युनिट्स. त्यांच्यासाठी मंत्रालयात बैठक होत नाही.

परवानगीचा अर्ज कंपनीला ९० दिवस आधी करावा लागतो. सरकारने दोन्ही बाजू ऐकायच्या, कारणं खरी आणि पुरेशी आहेत का ते तपासायचं, लोकहित बघायचं आणि लेखी आदेश काढायचा. यात एक कळीची गोष्ट आहे जी गावात फार कमी जणांना माहीत असते. अर्ज केल्यापासून ६० दिवसांत सरकारने काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो. म्हणजे फाइल टेबलावर पडून राहणं हा सुद्धा एक निर्णयच असतो, आणि तो कंपनीच्या बाजूचा असतो. म्हणून युनियनची धावपळ पहिल्या साठ दिवसांत व्हायला हवी. एकसष्टाव्या दिवशी मोर्चा काढून उपयोग नाही.

सरकारने नकार दिला तर? तो नकार एक वर्ष चालतो. कंपनी फेरविचार मागू शकते, औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकते. परवानगीशिवाय बंद केलं तर ते बेकायदा ठरतं आणि कामगारांना जणू कंपनी चालूच आहे असं धरून सगळे लाभ मिळतात.

'मग सरकारने दर वर्षी नकारच द्यावा की!' असं कोणीही म्हणेल. इथे मुंबईच्याच एका जुन्या खटल्याची आठवण द्यावी लागते. एक्सेल वेअर नावाची मुंबईची कापडी कपडे शिवून परदेशात पाठवणारी फर्म होती, सुमारे ४०० कामगार. तिला बंद करायचं होतं, महाराष्ट्र सरकारने लोकहिताचं कारण देऊन परवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. धंदा करण्याच्या हक्कात धंदा बंद करण्याचा हक्कही येतो, असा त्याचा मथितार्थ. पुढे कलम सुधारून परत आणलं, त्यात सुनावणी, मुदत, फेरविचार या गोष्टी घातल्या, आणि २००२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात टिकलं. टिकलं म्हणजे काय, तर सरकार बंदला अडवू शकतं, लांबवू शकतं, अटी मान्य करायला भाग पाडू शकतं. पण ज्याला गाड्याच बनवायच्या नाहीत त्याला कायम बनवायला लावू शकत नाही.

ही चावी कुलूप उघडायची नाही, वेळ विकत घ्यायची आहे. त्या वेळेत काय केलं, यावर सगळं अवलंबून.

ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली असं नाही

आपल्याकडे 'ले-ऑफ' हा शब्द आता नोकरीवरून काढलं या अर्थाने वापरला जातो. आयटीवाल्यांनी तो तसा रूढ केला. कायद्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं. तुमचं नाव हजेरीपटावर असतं, मालक-कामगार नातं तुटलेलं नसतं आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळते.

ले-ऑफलाही मोठ्या कारखान्यात सरकारची परवानगी लागते. अपवाद दोन प्रकारचे: वीजटंचाई आणि नैसर्गिक आपत्ती. तळेगावात एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाचं कारण पुढे केलं गेलं त्याचं महत्त्व इथे कळतं. कामगारांचं म्हणणं होतं की लाइन कोरोनामुळे नाही, डिसेंबरमध्येच कंपनीच्या निर्णयाने बंद झाली.

निम्म्या पगारावर माणूस किती दिवस तग धरेल? ज्याने तळेगावात फ्लॅट घेतला, हप्ता चालू आहे, पोरांच्या शाळेची फी आहे, त्याला सहा महिन्यांत नाक मुठीत धरावं लागतं. कोर्टाची तारीख पडत राहते आणि इकडे एक-एक जण हिशेब घेऊन बाहेर पडतो. हे फक्त तळेगावात नाही, सगळ्या औद्योगिक पट्ट्यांत असंच होतं. लांबणारा काळ दोन्ही बाजूंना सारखा जड नसतो.

दुसरी चावी: जमीन

आता येऊ त्या गोष्टीवर, जिच्याबद्दल कामगार चळवळीतही कमी बोललं जातं. एमआयडीसीतली जमीन कंपनीच्या मालकीची नसते. शेतकऱ्याकडून सरकारने संपादित केली, एमआयडीसीकडे दिली आणि एमआयडीसीने कंपनीला ती साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे कंपनी दुसऱ्याला विकायची असेल तर एमआयडीसीची संमती लागते, हस्तांतरण शुल्क भरावं लागतं.

ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये करार करताना जाहीरच केलं होतं की सरकारी मंजुऱ्या मिळाल्यावरच व्यवहार पुरा होईल. म्हणजे त्या क्षणी राज्य सरकारच्या हातात खरी ताकद होती. विकणाऱ्याला पैसे हवे होते, घेणाऱ्याला ताबा हवा होता आणि दोघांनाही राज्याची सही हवी होती.

कामगारांनी उपोषण नेमकं याच काळात केलं, ते उगाच नव्हे. ताबा गेल्यावर कोणाच्या दारात बसायचं? जुनी कंपनी देशातून निघून गेलेली, नवीन कंपनी म्हणणार की आमचा तुमचा संबंध नाही.

आणि कायद्याच्या भाषेत नवीन कंपनीचं ते म्हणणं सोपं असतं. कारण विक्री दोन प्रकारची असते. एकात चालू धंदा हस्तांतरित होतो. मशीन, ऑर्डर, कामगार सगळ्यासकट. तिथे कामगाराची सेवा सलग धरावी, अटी कमी करू नयेत, नाहीतर भरपाई द्यावी, असं कायदा सांगतो. दुसऱ्या प्रकारात फक्त मालमत्ता विकली जाते. ह्युंदाईच्या करारात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री असं लिहिलेलं होतं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर, चालता गोठा गायी-गडी-गिऱ्हाइकासकट घेणं वेगळं आणि रिकाम्या गोठ्याचे पत्रे आणि जागा घेणं वेगळं. दुसऱ्यात गडी आपोआप येत नाही. त्याला घ्यायचं असेल तर तसं वेगळं लिहून घ्यावं लागतं.

आमचं स्पष्ट मत आहे की हे लिहून घेण्याची जागा एमआयडीसीच्या संमतीपत्रात आहे. जमीन सरकारने शेतकऱ्याकडून 'रोजगार येईल' असं सांगून घेतली. ती एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना जुन्या कामगारांना मुलाखतीत प्राधान्य, किंवा ठरावीक टक्के जागा, किंवा देणी पूर्ण झाल्याशिवाय संमती नाही, अशी अट घालता आली पाहिजे. सवलतींच्या योजनांमध्ये राज्य अटी घालतंच. २००८ पासून नियम आहे की सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात. (इथे 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी. मावळचा किंवा खेडचाच असं नव्हे. या शब्दावरून गेटवर बरीच भांडणं होतात म्हणून सांगितलं.) नवीन माणूस घेण्याला अट चालते, तर जुना माणूस टिकवण्यालाही चालायला हवी.

आकुर्डीची आठवण

ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना २००७ आठवत असेल. बजाज ऑटोने आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन सप्टेंबर २००७ मध्ये थांबवलं. ज्या कारखान्याच्या स्कूटरने पिंपरी-चिंचवडला ओळख दिली, त्याची लाइन थांबली. कारण काय, तर उत्तराखंडमध्ये पंतनगरला केंद्राच्या करसवलती मिळत होत्या, आणि इकडे जकात होती, खर्च जास्त होता. कामगारांसाठी व्हीआरएस आली.

तेव्हा राज्याला कळलं की दुसरं राज्य कर माफ करतं तेव्हा आपल्याकडच्या बैठकीला फारसा अर्थ उरत नाही. पुढे पिंपरी-चिंचवडमधली जकात २०१३ मध्ये गेली, राज्याने मोठ्या प्रकल्पांना सवलतींचे पॅकेज वाढवले. पण ते पुढच्या कंपन्यांसाठी होतं. आकुर्डीच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

हा नमुना लक्षात ठेवा. राज्याचा प्रतिसाद बहुतेक वेळा नवीन गुंतवणुकीच्या रूपात येतो. 'ही गेली तर दुसरी आणू.' जिल्ह्यासाठी ते बरोबरही असतं. पण चाळिशीतला, बारा वर्षं एकाच लाइनवर काम केलेला ऑपरेटर आणि नवीन कंपनीला हवा असलेला बावीस वर्षांचा ट्रेनी, हे दोघं आकडेवारीत सारखे दिसतात, घरात नाही.

जाहीर झालेली नोकरी आणि हातातली नोकरी

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. १.५४ लाख कोटींचा आकडा प्रत्येकाच्या तोंडी होता. विधानसभेत, रस्त्यावर, ग्रुपवर भांडणं झाली. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि तो प्रकल्प त्या रूपात गुजरातमध्येही झाला नाही.

त्याच काळात, त्याच तळेगावात, हजारावर माणसं खरोखरची नोकरी जाताना बघत होती. त्यांच्या बातम्या आतल्या पानावर. कागदावरच्या लाख नोकऱ्यांसाठी जेवढा आवाज झाला, त्याच्या निम्मा जरी या हजारांसाठी झाला असता तर एमआयडीसीच्या त्या सहीच्या वेळी कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं.

चाकणला सध्या तिसऱ्याच प्रकारचा धोका आहे. तिथे कायदा किंवा चीन नाही, खड्डे आणि कोंडी आहे. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर आणि पुणे-नाशिक महामार्गावर माल तासन्‌तास अडकतो, म्हणून कंपन्या दुसरीकडे विस्तार करतात अशी तक्रार उद्योजकांच्या संघटना अनेक वर्षं करत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटेच चाकणला येऊन कोंडी बघून गेले. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. रस्ता हा सुद्धा नोकरी वाचवायचा उपाय आहे, आणि तो असा उपाय आहे जो पूर्ण सरकारच्याच हातात आहे. इथे कोर्ट आडवं येत नाही, परदेशी मालक आडवा येत नाही.

तुमच्यावर वेळ आली तर

पहिलं म्हणजे, तुमचा मालक कोण ते आत्ताच बघून ठेवा. गेटवर नाव मोठ्या कंपनीचं, पण पगाराच्या स्लिपवर ठेकेदाराचं असेल, तर वरती सांगितलेलं परवानगीचं संरक्षण तुम्हाला मोठ्या कंपनीकडून मिळत नाही. अप्रेंटिस असाल तर कायद्याने तुम्ही कामगारच धरले जात नाही. चाकण पट्ट्यात परमनंट माणसापेक्षा या लोकांची संख्या जास्त असलेल्या लाइन कितीतरी आहेत. बंदच्या बातमीत जो आकडा येतो त्यात हे लोक मोजलेलेही नसतात.

दुसरं, राजीनामा लिहून देऊ नका. 'सही करा, हिशेब लवकर मिळेल' असं सांगून कोऱ्या किंवा छापील राजीनाम्यावर सह्या घेतल्या जातात. राजीनामा दिला की कपात किंवा बंदची भरपाई गेली. ईएसआयची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली तर पहिले बारा महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के भत्ता मिळतो. त्याला किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली लागते. स्वतःहून सोडलं असं कागदावर आलं की हा भत्ताही नाही. ईएसआय २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच लागू आहे, म्हणजे गावाकडून जाणाऱ्या बहुतेक पोरांना लागू आहे, आणि बहुतेकांना ही योजना माहीतच नाही.

व्हीआरएसचा प्रश्न वेगळा. तिथे आधी हिशेब मांडा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० आहे आणि दहा वर्षं नोकरी झाली. ग्रॅच्युइटी २६,००० ला २६ ने भागून १५ ने आणि १० ने गुणायची, म्हणजे दीड लाख. बंदची भरपाई वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे दहा वर्षांचे ढोबळमानाने एक लाख तीस हजार. नोटिशीचा पगार, शिल्लक रजा, बोनस वेगळा. हे कायद्याने मिळणारच आहे. व्हीआरएस म्हणून समोर ठेवलेल्या आकड्यात हीच रक्कम मिसळून मोठी करून दाखवली आहे का, की याच्यावर वेगळं काही आहे, हे विचारा. युनियनला आणि कामगार उपायुक्तांच्या बैठकीत हाच प्रश्न लेखी विचारायला सांगा.

नवीन संहितेत आणखी एक गोष्ट आली आहे. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचा पगार वेगळ्या कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा. शिवाय ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पाच वर्षं थांबायची गरज नाही.

पीएफ लगेच सगळा काढायची घाई करू नका. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आठ वर्षं झाली असताना पेन्शनचे पैसेही काढून घेतले की ती आठ वर्षं वाया जातात, पुढच्या कंपनीत परत शून्यापासून मोजायला लागतात. यूएएन तोच ठेवून खातं पुढे न्या.

पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, बँकेचं पासबुक, ईएसआय नंबर यांचे फोटो काढून स्वतःच्या मेलवर टाका. मोबाइल हरवतो, आणि कंपनी बंद झाल्यावर एचआरचं ऑफिस उघडं नसतं. कामावरून काढल्याबद्दल दाद मागायची असेल तर नवीन कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, आधी ती तीन वर्षांची होती. सुरुवात कामगार आयुक्तालयाच्या पुणे कार्यालयात अर्ज देऊन होते, त्याची पोच शिक्क्यासह घ्या.

आणि ग्रामपंचायतीला, स्थानिक आमदारांना निवेदन द्यायचं असेल तर ते कंपनी बंद झाल्यावर नव्हे, ती दुसऱ्याला विकली जातेय अशी बातमी आल्या आल्या द्या. निवेदनात 'न्याय मिळावा' असं मोघम लिहू नका. लिहा की अमुक प्लॉटच्या हस्तांतरणाला एमआयडीसीने संमती देण्याआधी जुन्या कामगारांची देणी आणि नोकरीतलं प्राधान्य यांची अट घालावी, आणि तसा पत्रव्यवहार झाला का हे माहिती अधिकारात विचारा. एमआयडीसी हे सरकारी महामंडळ आहे, त्याला उत्तर द्यावं लागतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.